बादलीत गार झालेला समुद्र

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो, पण तुमच्या न्हाणीघरातल्या बादल्यांची आणि माझी जात वेगळी. जाड कॅनव्हासचं अंग, तळाला लाकडी चकती, काठाला लांब दोर. शिडं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला दाभणाने शिवलं आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. भांड्या-कपड्यांचं पाणी मी कधी पाहिलं नाही. माझं काम समुद्राचा ताप पाहण्याचं!

एका मालवाहू जहाजावर मी बावीस वर्षं नोकरी केली. तिथले दुय्यम अधिकारी, म्हणजे माझे साहेब, दिवसातून चार वेळा मला समुद्रात सोडत, भरून वर ओढत, कठड्याला अडकवत आणि माझ्यात तापमापक बुडवत. मग खाली जाऊन चहा पीत. चहा संपला की वर येऊन आकडा वाचत आणि नोंदवहीत लिहीत. वादळातसुद्धा त्यांनी एक नोंद चुकवली नाही. अक्षर इतकं सुबक, की कप्तान ती वही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. पाठ त्यांची थोपटली जाई आणि फुशारून मी जाई. किती सुखाचे दिवस होते ते!

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. वारा लागला की माझ्या ओल्या अंगावरचं पाणी उडून जाई आणि माठातल्यासारखं आतलं पाणी गार होई. समुद्र होता तेवढा उबदार वहीत कधी उतरलाच नाही. पण बादलीला कोण विचारतो?

पुढे इंजिनात शिरणारं पाणी परस्पर मोजणारी यंत्रं आली. साहेबांबरोबर मीही निवृत्त झाले आणि नोंदवहीसोबत त्यांच्या घरी कपाटावर जाऊन पडले. धुळीने माझा रंग गेला. एका शिवणीची चव उंदरांनी घेतली.

साहेबांची नात मोठी होऊन समुद्राच्या तापमानाचा अभ्यास करू लागली. एका दुपारी ती आजोबांसमोर येऊन बसली, पण तिची जीभ रेटेना.

“आजोबा, तुमच्या जहाजाच्या वाटेवर समुद्र बावीस वर्षं गार दिसतो आणि मग एकदम तापतो. आमच्या बाई म्हणतात, ही वही वगळून टाका.”

“वगळा? अगं, डोळ्यांत तेल घालून लिहिलंय मी ते!”

आयुष्यभराची मेहनत केरात जायची वेळ आली होती. मला फार वाईट वाटलं.

नातीने मला खाली काढलं, उसवलेली शिवण टाचली आणि कोमट पाणी भरून गच्चीवर वाऱ्यात अडकवलं. आजोबा खुर्ची ओढून बसले. पारा हळूहळू उतरू लागला. दहा मिनिटांत अर्ध्या अंशाहून जास्त उतरला.

सगळं खापर माझ्यावर फोडून आजोबा मोकळे होऊ शकले असते. पण ते म्हणाले, “बादलीला नावं ठेवू नकोस. चूक माझी आहे. पाणी वर काढून मी चहाला जायचो.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं. नऊ नाही की अकरा नाही. घड्याळासमोरच बसायचो.”

“प्रत्येक वेळी?”

“बावीस वर्षं, प्रत्येक वेळी.”

नात ताडकन उठली. “अहो आजोबा, मग वही वाचली! चूक इतकी सारखी असेल तर ती हिशेबाने काढता येते. वाऱ्याची नोंद आहे का?”

“आहे तर! प्रत्येक आकड्याशेजारी आहे.”

तिने त्यांना घट्ट मिठी मारली. आजोबांनी वहीच्या पहिल्या पानावर आपली चूक लिहिली आणि खाली सही केली. अक्षर वयामुळे वाकडंतिकडं आलं, तरी साऱ्या वहीत मला तेच पान देखणं वाटतं.

मित्रांनो, जुनी वही किंवा जुनं अवजार टाकण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. कसं करायचात, असं विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या. मात्र उद्यावर ढकलू नका. त्या सहीनंतर आजोबा जेमतेम चार महिने होते.