माईक बंद नव्हता

मी ग्रामपंचायतीचा माईक बोलतोय. खर्ड्याच्या अलीकडचं आमचं गाव. सध्या मी पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून आहे. मान वाकलीय, जाळीवर रक्त वाळलंय. ते सरपंच यशोधराबाईंचं आहे.

जामखेडच्या दुकानातून आलो तेव्हा काय ऐट होती माझी! पुढारी आधी टिचक्या मारायचे, फुंकायचे, मग कारखान्याच्या संचालकांना 'आदरणीय' म्हणायचे. त्याच तोंडाने वस्तीवरच्या म्हाताऱ्याला 'ए, सरक मागं!' बायकांच्या हाती मी हळदीकुंकवापुरताच. ऐकून ऐकून कान किटले माझे.

मग राखीव जागेवर बौद्ध वस्तीतल्या यशोधराबाई सरपंच झाल्या. उपसरपंच हनुमंतराव त्यांना भर सभेत 'ए, ऐक गं' म्हणायचे. बाई मात्र 'तुमी' सोडायच्या नाहीत. गेल्या ग्रामसभेत वस्तीच्या नळाचा ठराव निघाला आणि हनुमंतराव मला हातातून सोडेनात. बाई उभ्या राहिल्या.

"हनुमंतराव, तुमी खाली बसा. आता मी बोलनार हाय."

'राव' लावलं, 'तुमी' म्हटलं, तरी बाईने बसायला सांगितलं हेच त्यांना झोंबलं. "कुनाला बसवती गं?" म्हणत त्यांनी जातीवरून शिवी हासडली. चारही भोंग्यांतून ती गावभर गेली. लगेच त्यांनी मलाच बाईंच्या तोंडावर हाणलं. एकदा, पुन्हा एकदा. ओठ फाटला, पुढचे दात पडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पोलीस आले. हनुमंतरावांना "बसा साहेब" म्हणून खुर्ची मिळाली. ओठ फाटलेल्या बाईंना, "तू बोल, काय झालं?"

हनुमंतराव म्हणाले, "झटापटीत लागलं असंल. शिवी कुनी ऐकली?" सगळे खाली बघू लागले. हनुमंतरावांची शेजारीण रतनबाई पदराआडून पुटपुटली, "माईक बंद हुता, सायब." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

खोटं आहे! मी चालू होतो. शिवीला साक्षीदार मिळाला नाही, तर बाईंची अ‍ॅट्रॉसिटीची केस ढिली पडेल आणि वस्तीतलं कुणी पुन्हा सभेत तोंड उघडणार नाही. मला कोर्टात नेतील, पण माझा स्वतःचा आवाज नाही. कुणी बोललं तरच मी बोलतो.

म्हणून रतनबाई, तुम्हालाच विनवतो. तुम्ही पहिल्या रांगेत होता. शिवी आली तेव्हा दोन्ही हातांनी कान झाकलेत, मी पाहिलं. माईक बंद होता, तर कान कशाला झाकलेत?