कॉनच्या गळ्याची पट्टी

"या युद्धाचा निकाल तोफा लावणार नाहीत, लोकहो. गाणी लावतील!"

मॅक्स झुकरब्रॉटने ही घोषणा केली तेव्हा तो छापील गाण्यांच्याच एका गठ्ठ्यावर उभा होता. गठ्ठा तीन वर्षांपूर्वीचा. अमेरिकेने युद्धात पडू नये असं तेव्हा साऱ्या देशाचं मत होतं, म्हणून झुकरब्रॉटचंही होतं, आणि 'तोफेच्या तोंडी घरटं' हे शांततेचं गाणं त्याने मोठ्या हौसेने छापलं होतं. पुढे देशाने मत बदललं, झुकरब्रॉटनेही बदललं. गठ्ठा मात्र होता तिथेच राहिला. बुटक्या मालकाला वरच्या फळीपर्यंत पोचवणं, एवढंच काम त्याला उरलं होतं. 'लावतील' या शब्दाबरोबर सुतळी तुटली, शांततेची गाणी चहूकडे घरंगळली, आणि झुकरब्रॉट पियानोला मिठी मारून कसाबसा वाचला.

"हसू नकोस, क्विग."

"मी कुठे हसतोय, साहेब? खोकला आलाय."

१९१८च्या त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये फ्लूच्या साथीने माणसं मरत होती आणि खोकला ही थट्टेची गोष्ट राहिली नव्हती. झुकरब्रॉटने खिडकी उघडली आणि कोळसा वाचवण्याच्या सरकारी हुकमामुळे आधीच गार पडलेली खोली आणखी गार केली. एल्मर क्विग गाण्यांचे शब्द लिहीत असे, त्यातही खास करून आईवरचे. ओहायोतल्या आपल्या आईला त्याने सहा वर्षांत पत्र टाकलं नव्हतं. सवड कुठे होती?

तिसरा माणूस पियानोपाशी अंगातला ओव्हरकोट न काढता बसला होता. फायवेल लिंडनर. या धंद्यातल्या निम्म्या संगीतकारांना स्वरलिपी येत नसे. ते येऊन गुणगुणत, शिट्टी वाजवत, एकजण तर नुसता टेबलावर ठेका धरून 'आता समज' म्हणत असे. लिंडनर ते समजून कागदावर उतरवी. सत्तावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चाली लिहीत आला होता आणि स्वतःबद्दल फारसं बोलत नसे. आज सकाळपासून तर तो काहीच बोलला नव्हता.

"आता कामाचं," झुकरब्रॉट म्हणाला. "'ताट वाढून ठेव, आई' दुसऱ्यांदा छापायचं. पन्नास हजार. कागद मिळालाय, कव्हरं छापून तयार आहेत. आतले सूर तेवढे बदलायचे. फायवेल, ती पट्टी खाली आण."

"नाही आणणार."

"अरे बाबा, मी गाणी ऑपेरावाल्यांना विकतो का? चार धडे शिकलेली दुकानातली पोरगी घरी जाऊन वाजवू शकली पाहिजे, हा आपला धर्म. आणि तू त्यात पाच काळ्या पट्ट्या घातल्यास! शेवटी तो सूर, शिडी लावून चढायचा! त्या एका सुरापायी दहा हजार घरं गेली माझ्या हातची."

"ती कॉनच्या गळ्याची पट्टी आहे."

"माहीत आहे. कॉन आहे फ्रान्समध्ये. तिथे त्याला पियानो वाजवून दाखवायचाय का?"

लिंडनर पियानोच्या पट्ट्यांवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

कॉन मलक्वीन हा या कंपनीचा गाणारा. संध्याकाळी नाटकगृहाच्या सज्जात तिकीट काढलेल्या प्रेक्षकासारखा बसायचा. रंगमंचावरच्या बाईने धृपद दुसऱ्यांदा घेतलं, की जणू राहवलंच नाही अशा थाटात उठून गायला लागायचा. लोकांना वाटे, गाण्यानेच वेड लावलं बिचाऱ्याला. निम्मं नाटकगृह त्याच्यामागून गायचं आणि सकाळी दुकानात जाऊन तेच गाणं मागायचं. ही लबाडी तो इतक्या मनापासून करी, की ती शिकवणाऱ्या झुकरब्रॉटच्या डोळ्यांतही पाणी येई. वसंतात तो गणवेश घालून निरोप घ्यायला आला, तेव्हा हे गाणं नुकतंच तयार झालं होतं. शेवटचा सूर त्याने असा लावला, की खालच्या मजल्यावरच्या टोपीवाल्याने छताला काठी ठोकायची थांबवली. कव्हरवर त्याचाच फोटो टाकायचं ठरलं. घरी जाऊन फोटो मागून आणला तो लिंडनरने. दोघं एकाच चाळवजा इमारतीत राहत. 'सगळं शहर त्याच्या वाटेकडे डोळे लावील,' असं त्याने कॉनच्या आईला सांगितलं होतं.

"मॅक्स," लिंडनर म्हणाला, "सकाळी मिसेस मलक्वीन जिन्यात भेटली. तार आली होती. चष्मा सापडेना म्हणून मला वाचायला दिली."

खाली रस्त्यावर घोडागाडी थांबल्याचा आवाज आला.

"वाचली मी," लिंडनर म्हणाला. "तिने ती कॉनच्या पियानोवर ठेवली आणि मला विचारलं, चहा घेणार का?"

झुकरब्रॉट खुर्चीवर बसला आणि रडला. तो गाण्यांवरही रडत असे, त्यामुळे हे रडणं वेगळं आहे हे कळायला जरा वेळ लागला. क्विगने टोपी काढली, आणि आपण खोलीतच आहोत हे लक्षात येऊन ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

शेवटी तोच बोलला. "शब्द बदलता येतील, साहेब. 'वाढून ठेव'च्या जागी 'उचलून ठेव'. चाल तीच."

"क्विग, तोंड मिट."

"मी आपलं मदतीचं—"

"लोक घरी नेतात ते पोरगा परत येणार म्हणून! येणार नाही हे सांगायला सरकार फुकट तारा पाठवतं." झुकरब्रॉटने नाक पुसलं. "नाताळची विक्री होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही."

"चेहरा काढ, मॅक्स," लिंडनर म्हणाला. "कव्हरवरचा. ती बाजारात जाईल. काचेकाचेत तो हसत उभा असेल. फोटो मी आणलाय."

"पन्नास हजार कव्हरं छापलीत! सरकारने कागद तोडून तोडून गाणी पाकिटात मावतील एवढी केलीत, नवा कागद काय माझ्या मिशा कातरून आणू?" मग आवाज खाली आला. आगबोटीच्या तळातून दोघं एकाच पिंपाशेजारी झोपून या देशात आले होते. फायवेलने तोंडाने काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. "हे बघ. ती स्वतः आली, या दारात उभी राहून 'काढा' म्हणाली, तर पन्नास हजार माझ्या हाताने फाडीन. पण आईने सांगितलं पाहिजे. तू नाही."

"आणि पट्टी?"

"पट्टी राहू दे तुझी," झुकरब्रॉट म्हणाला. "जाऊ दे दहा हजार घरं."

लिंडनरने तिला काही सांगितलं नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत गेला. आतून पियानो ऐकू येत होता. रविवारी चर्चमधली सोपी गीतं वाजवणारी ती बाई, काहीतरी चाचपडत वाजवी, थांबे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. दार न ठोठावता तो परतला. घरातला मुलगा लढाईवर असल्याची खूण म्हणून तिच्या खिडकीत एक छोटा झेंडा असे. त्यावरचा निळा तारा बुधवारी, गेलेल्या मुलासाठी लावतात तसा, सोनेरी झाला होता. टाके बारीक होते.

गुरुवारी दुपारी ती आली. काळे हातमोजे, हातात पिशवी, जिना चढून लागलेला दम. दारातच उभी राहिली, बरोबर झुकरब्रॉटने बोटाने दाखवली होती त्या जागी.

क्विगने तिला आपली खुर्ची दिली. झुकरब्रॉटने कोटाची सगळी बटणं लावली. खालचं चुकीच्या काजात गेलं.

"मॅडम," तो म्हणाला, "कॉनसारखा गळा या शहरात... आणि त्याहून माणूस... मी शब्द दिलाय. तुम्ही फक्त तोंडातून काढा. आत्ता, या क्षणी."

"काय काढू?"

"तो चेहरा. कव्हरवरचा. काढा म्हणा, की फाडतो."

तिने पिशवीतून ते गाणं काढलं. विकत घेतलेलं होतं; दुकानाचा शिक्का तसाच होता. त्यावरच्या मुलाकडे तिने पाहिलं, आणि मग झुकरब्रॉटकडे, जरा घाबरून.

"नका हो फाडू. छान आलाय की. दुकानात एक बाई म्हणाली, किती गोड पोरगा, कुणाचा असेल. मी म्हटलं, माझा. ती म्हणाली, नशीबवान आहात. मी हो म्हटलं. तिच्या हातात तेच गाणं होतं, कशाला उगाच..."

झुकरब्रॉट खिडकीकडे वळला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला. बाहेर फक्त समोरची भिंत होती.

"माझं काम मिस्टर लिंडनरांकडे होतं," ती म्हणाली. "घरी बोलणार होते, पण हे आताशा दारापर्यंत येतात आणि परत जातात."

लिंडनर उठून उभा राहिला. तिने गाणं पियानोवर उघडून ठेवलं, हातमोजा काढला, आणि शेवटच्या ओळीच्या अलीकडे बोट टेकवलं.

"इथपर्यंत येते मी. तशा काळ्या पट्ट्या फार आहेत, बोटं अडखळतात. पण पुढे हा जो वरचा सूर आहे ना, तिथे माझा गळा काही पोचत नाही. एवढं जरा खाली आणून देता का? घाई नाही. रविवारपर्यंत दिलंत तरी चालेल."