हिरव्या भिंतीला बांगड्यांचं पाणी

आमच्या मिरजोळ्याच्या ऑफिसात मुंबईहून एक डिझाइनर आला आणि म्हणाला, माणसांना निसर्ग हवा. एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद, दिवसभर ट्यूबलाइट, निम्म्या स्टाफचं डोकं दुखतं. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. पण रत्नागिरीत येऊन आम्हालाच निसर्ग विकायचा म्हणजे कमाल झाली! एका भिंतीवर दीडशे कुंड्या टांगून स्वारी गेली. महिन्याभरात पानं पिवळी.

ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे, म्हणजे बोलणी मलाच. वैतागून मी सफाईच्या गुणवंतीमावशींना म्हटलं, "काहीही करा, पण झाडं जगवा."

मावशींनी जगवली. तीन आठवड्यांत भिंत अशी तरारली की जो तो डबा घेऊन तिच्यासमोरच जेवायला बसू लागला. कसं केलंत, हे मी शहाणीने विचारलंच नाही.

मग एका सोमवारी मोठे साहेब भिंत बघायला आले. दार उघडलं आणि बाई गं, काय तो वास! थेट मासळीबाजार.

"कोणी केलं हे?" साहेब नाकाला रुमाल लावून ओरडले.

मावशी पुढे आल्या. "बांगडे धुतल्याचं पानी, साहेब. माडाला घालतो तेच. शनवारी घालते, सोमवारपर्यंत वास जातो. तुम्ही येनार म्हनून आज सकाळी पन घातलं, जरा जास्तीच."

"ठेकेदाराला फोन लावा. उद्यापासून ही बाई नको."

नवऱ्याने होडीवर जाणं सोडल्यापासून मावशींचं घर ह्याच पगारावर चालतं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, काहीही करा असं मीच सांगितलं होतं. काढायचं तर मला काढा."

"आधी त्या खिडक्या उघडा!"

अकाउंट्सच्या भावेशने स्क्रू काढले, दोन धक्के मारले. वारा आत घुसला, टेबलावरचे कागद उडाले, पण उचलायला कोणी हललं नाही. सगळे खिडक्यांपाशी जाऊन नुसते श्वास घेत उभे. साहेबही. हळूच त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि भिंतीवरचं एक कोवळं पान बोटांनी चाचपलं.

"मुंबईच्या ऑफिसातही अशीच भिंत केली होती. सगळी वाळली," ते म्हणाले. मग मावशींकडे वळले. "पाणी शनिवारीच घालायचं. आणि ह्या खिडक्या आता बंद करू नका."

"आणि ठेकेदाराला फोन?" मी विचारलं.

"कशाला? झाडं कोण बघणार मग?"

हुश्श! मी तडक जिन्यात जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. मावशी मागोमाग आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नोकरी जायची व्हती माजी, नि रडतेस तू गो?"