खिडकीपाशी आजी

“आजी खिडकीपाशी. तिला मळमळतं,” असं म्हणत नातीने कागदावरच्या गाडीत मागच्या बाजूला एक गोल काढला आणि गोलाला अंबाडा जोडला. “दुसऱ्या खिडकीपाशी मोठी आजी. मधे मी. पुढे आई-बाबा. झालं, भरली गाडी.”

“आणि खाऊची पिशवी?” जावयाने विचारलं.

“ती माझ्या मांडीवर.”

“म्हणजे पठार येईपर्यंत रिकामी.”

खिडकीपाशीची ही आजी, म्हणजे मावशी, पलंगाच्या कडेला बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. आठवड्याची सुट्टी ती लेकीकडे काढायची आणि हात मोकळे ठेवायची तिला सवय नव्हती. नातीच्या शाळेच्या रुमालांची घडी ती एका खास पद्धतीने घालायची. तीन पदर, मग आडवी दुमड, आणि शेवटी एक कोपरा आतल्या खिशात खोचून टाकायचा. दप्तरात कितीही आपटला तरी रुमाल सुटत नसे. घरात त्याला ‘आजीची घडी’ म्हणत.

जावई फोनमधली फुलं सगळ्यांना फिरवून दाखवत होता. “पुढच्या रविवारी जाऊ. आलीत म्हणे फुलं.”

“पुढच्या नको,” मावशी मान वर न करता म्हणाली. “त्याच्या पुढच्या. आता नुसती पिवळी आहेत. जांभळी यायला आठ-दहा दिवस लागतील.”

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेल्या विहीणबाईंनी चष्मा खाली केला. “तुम्ही जाऊन आला आहात वाटतं?”

“छे हो. ऑफिसात येतात ना लोक. कानावर पडतं.”

कानावर काहीच पडत नव्हतं. पडत होतं ते गाड्यांच्या रबरी मॅटवर. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देणाऱ्या एका यार्डात मावशी बारा वर्षं गाड्या धूत होती. फुलांच्या दिवसांत सोमवारी सकाळी तिथे गाड्यांची रांग लागायची आणि कुणाच्या बुटांना काय चिकटून आलंय त्यावरून मावशीला पठारावरची खबर कळायची. आधी नुसता तांबडा चिखल. मग चिखलात पिवळे ठिपके. मग एका सोमवारी जांभळं काहीतरी, नखाएवढं, मॅटच्या खाचांमध्ये असं रुतून बसलेलं की काडीने काढावं लागे. शेवटी पांढरा कापूस उडायला लागला की समजायचं, यंदाचं संपलं. पठार तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पण त्याचं पंचांग तिच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं.

“बरं, आई म्हणतात तर त्याच्या पुढचा रविवार,” जावई म्हणाला. “गाडी मी बघून ठेवलीय. सात जणांची आहे, पांढरी. पुलापलीकडे जुन्या गिरणीच्या मागे यार्ड आहे बघा, तिथली. शनिवारी संध्याकाळी आणायची, रविवारी रात्रीच्या आत परत.”

मावशीच्या हातातल्या रुमालाचा कोपरा खिशात जायचा थांबला.

“तुमच्याच लाइनीतलं की,” विहीणबाई म्हणाल्या. “ओळखीचे असतील.”

“नाही नाही. ते वेगळे, आम्ही वेगळे.”

हे आणखी एक खोटं. पहिलं नऊ वर्षांपूर्वीचं होतं आणि खरं बघता ते तिचं नव्हतंच. लेकीचं लग्न ठरवायला दोन्ही घरं पहिल्यांदा समोरासमोर बसली होती. विहीणबाई तेव्हा शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आवाजात घंटेचा धाक होता. त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही काय करता?” मावशीने तोंड उघडलं. त्याआधीच लेक म्हणाली, “आई गाड्यांच्या कंपनीत असते. ऑफिसात.” आणि मावशीने मान डोलावली. मान डोलवायला कितीसा वेळ लागतो? पण तेव्हापासून ती इस्त्रीचे कपडे घालून, खांद्याला पर्स लावून कामाला जायची, यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत कपडे बदलायची आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायची. साबणाने हाताला भेगा पडत. “मला भांड्यांचा साबण सोसत नाही,” असं ती सांगे. विहीणबाई दर थंडीत मलमाची एक ट्यूब तिच्या पर्सवर ठेवून जात. बोलत काही नसत.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मावशीही पाण्याचं निमित्त करून गेली. नळ सुरू होता आणि लेक धुतलेलाच ग्लास धूत होती.

“दुसरीकडून घ्यायला सांगू का गाडी?” लेक हळूच म्हणाली.

“काय कारण देशील?”

“देईन काहीतरी.”

“राहू दे. एक ऑफिस सांभाळता सांभाळता नऊ वर्षं गेली. आता दुसरं नको उघडायला.” मावशीने नळ बंद केला. “मीच येत नाही. सीझन आहे, सुट्टी मिळत नाही म्हणेन. सीझन तर खरंच आहे.”

‘असं कसं, तू हवीच’ असं ती म्हणेल म्हणून मावशी जरा थांबली. जास्त नाही, एक घोट पाणी पिऊन होईल एवढंच. लेकीने ग्लास पालथा घातला आणि म्हणाली, “चिमणीला मी समजावते.”

नात चिमणी काही ऐकेना. तिने अंबाड्याचा गोल खोडला नाही. “आजीची जागा आहे ती. आजी नसली तरी,” एवढं म्हणून तिने कागद फ्रिजवर लावून टाकला.

*

त्या शनिवारी दुपारी यार्डातल्या काउंटरवाल्याने कामाचा कागद दिला आणि मावशीने जावयाच्या नावापुढचा पांढऱ्या गाडीचा नंबर वाचला.

इतर गाड्यांना ती पाऊण तास द्यायची. या गाडीला दोन तास दिले. सीटांच्या फटींत बोटं घालून आधीच्या कुणाची तरी पेन्सिल काढली, बिस्किटांचा चुरा काढला. सीटबेल्ट पूर्ण ओढून साबणाच्या फडक्याने पुसले, कारण पोरं बेल्ट तोंडात घालतात. मागच्या डाव्या खिडकीची काच तिने आतून तीनदा आणि बाहेरून तीनदा पुसली. ती आपलीच जागा आपणच पुसतोय हे तिसऱ्या वेळी लक्षात आलं, तेव्हा ती घाईने दुसऱ्या काचेकडे वळली.

“मावशी, पाहुणे येणारेत का या गाडीला?” काउंटरवाला ओरडला. “चकाचक चाललंय.”

“सगळ्याच गाड्या चकाचक असतात माझ्या.”

“तसं नाही. हिच्यात मी तोंड बघून दाढी करीन.”

पाच वाजता फाटकातून जावई आत आला. त्याचं बोट धरून चिमणी. मावशी बादली घेऊन उठली आणि धुवायला लावलेल्या मोठ्या व्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिली. सत्तावन्न वर्षांची बाई, रबरी बुटांत, ओल्या बाह्यांनी, नातीपासून लपून. व्हॅनखालून तिला चिमणीचे लाल बूट दिसत होते. बूट उड्या मारत होते.

“बाबा, नवीन आहे गाडी?”

“नाही गं. कुणीतरी छान धुतलीय.”

“मावशी!” काउंटरवाल्याने हाक मारली. “मावशी, जरा इकडे या. यांना मागचं दार कसं सरकतं ते दाखवा.”

मावशीने बादलीच्या कडीचा आवाज होऊ नये म्हणून कडी मुठीत दाबून ठेवली.

“मावशी! कुठे गेल्या... आत्ता इथे होत्या. या बाईंचं असंच, नको तेव्हा पायात पायात, हवं तेव्हा गायब. थांबा, मीच दाखवतो.”

दार सरकलं, लागलं. गाडी फाटकाबाहेर वळली. लाल बूट दिसेनासे झाले, तशी मावशी व्हॅनमागून बाहेर आली आणि पुढच्या गाडीसाठी पिवळ्या फडक्यांच्या गठ्ठ्याला हात घातला. तो हात तसाच राहिला.

धुतलेल्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या कप्प्यात ती एक स्वच्छ पिवळं फडकं ठेवायची. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. काचेवर वाफ धरली तर माणसाने काय बाहीने पुसायचं, असं तिचं म्हणणं. या गाडीतही तिने ते ठेवलं होतं. हात आपोआप चालले होते. तीन पदर, आडवी दुमड, कोपरा खिशात.

कोंबडं झाकून ठेवलं होतं नऊ वर्षं. आणि आज तिनेच ते घडी घालून पाठवून दिलं होतं.

*

रविवारी ती दिवसभर घरी होती. आठवड्याची सुट्टी होतीच. मागायचीही गरज पडली नव्हती. दुपारी तिला वाटलं, वाफ धरलीच नसेल, ऊन आहे. मग वाटलं, पठारावर ढग असतात, येणाऱ्या गाड्यांच्या काचा आतून डागाळलेल्या असतात. कप्पा उघडणार तो चिमणीच. आईच्या मांडीवर चढून कप्पे उघडणं हा तिचा प्रवासातला मुख्य उद्योग.

संध्याकाळी फोन वाजला. लेक असेल म्हणून उचलला तर विहीणबाई.

“पोचलो आम्ही. म्हटलं कळवावं.”

“बरं झालं. फुलं?”

“जांभळी होती. नजर पोचेल तिथपर्यंत. तिथला माणूस म्हणाला, मागच्या आठवड्यात आला असता तर पिवळ्यावर भागवावं लागलं असतं.” विहीणबाई थांबल्या. “तुमचा अंदाज बरोबर होता.”

“हो का.”

“खिडकी रिकामी ठेवली होती. चिमणीने कुणाला बसू दिलं नाही.”

“ठेवते, हात ओले आहेत माझे,” असं म्हणून विहीणबाईंनी फोन ठेवला.

*

सोमवारी सकाळी यार्डात सोळा गाड्या उभ्या होत्या. दारांपर्यंत तांबडा चिखल उडालेल्या. पांढरी गाडी कोपऱ्यात होती. मावशी बादली, ब्रश आणि काडी घेऊन आधी तिच्याकडेच गेली.

तिने ठरवलं होतं की आधी मॅट बघायच्या. लाल बुटांनी काय आणलंय, विहीणबाईंच्या चपलेने काय आणलंय, लेकीने काय तुडवलंय. बारा वर्षं परक्यांच्या पायांवरून पठार पाहिलं, आज घरच्यांच्या पायांवरून दिसेल. रात्रभर लाजेने झोप लागली नव्हती खरी, पण त्या लाजेच्या एका कडेला ही एवढी हौसही चिकटून बसली होती.

तिने दार उघडलं. मॅट स्वच्छ होत्या. नुसत्या झटकलेल्या नव्हत्या, घासून पुसलेल्या होत्या. सीटांवर चुरा नव्हता. चाकांच्या वरच्या पत्र्यापर्यंत कुणीतरी हात घालून पुसलं होतं. तिने काडीने मॅटच्या खाचा धुंडाळल्या. काही निघालं नाही.

“त्या गाडीला काही काम नाहीये मावशी,” काउंटरवाला चहाचा कप घेऊन आला. “काल संध्याकाळी परत द्यायला आले ना, तर फाटकाबाहेरच थांबले. त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई, चष्मावाल्या, खाली गुडघे टेकून गाडी पुसतायत. पाणी मागून घेतलं माझ्याकडून. बरोबरची तरुण बाई पण पुसत होती, तिचे डोळे लाल. मी म्हटलं, अहो काकू, राहू द्या, आमच्या मावशी आहेत त्यासाठी.”

“मग?”

“तर म्हणाल्या, ‘माहीत आहे. म्हणूनच.’” त्याने चहाचा घोट घेतला. “मला काही समजलं नाही. तुमच्या ओळखीच्या का?”

सहासष्ट वर्षांची बाई, जिच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचे, ती फाटकापाशी मातीत गुडघे टेकून बसली होती. मावशीला आधी कृतज्ञ-बितज्ञ काही वाटलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या. मग चक्क राग आला. माझा होता तो चिखल, असं तिला म्हणावंसं वाटलं. मी धुतला असता. मग तिची नजर स्वतःच्या हातांकडे गेली आणि दर थंडीतली ट्यूब आठवली. भांड्यांच्या साबणाने मनगटाच्या वरपर्यंत भेगा पडत नाहीत, हे घर चालवलेल्या कुठल्याही बाईला कळतं. त्यांना कधीपासून कळलं होतं कोण जाणे.

काउंटरवाला गेल्यावर तिने पुढचा कप्पा उघडला. पिवळं फडकं होतं. धुऊन ठेवलेलं. घडी घालायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. तीन पदर बरोबर होते, कडा वहीला कव्हर घातल्यासारख्या धारदार. कोपरा मात्र खोचायचा राहिला होता. बराच वेळ खटपट केल्याच्या सुरकुत्या त्याच्यावर होत्या. मावशीने ती घडी मोडली नाही.

तिने रबरी बूट काढून बाहेर ठेवले, मागचं दार सरकवलं आणि डाव्या खिडकीपाशी जाऊन बसली. बारा वर्षांत शेकडो गाड्यांच्या सीटा तिला गुडघ्यांनी माहीत होत्या. बसून कशा लागतात हे माहीत नव्हतं. सीट मऊ होती, जरा जास्तच. तिने बेल्ट ओढला आणि लावला. खट् झालं. काच खाली करायचं बटण दाबून पाहिलं; चावी काउंटरवर होती, काच हलली नाही. हलायची गरजही नव्हती. काच इतकी स्वच्छ होती की समोरची भिंत, नळाची गुंडाळी, पाणी जायची जाळी सगळं हाताशी असल्यासारखं दिसत होतं. जाळीत शेजारच्या गाड्यांवरून ओघळलेला गाळ अडकला होता. तांबडा, आणि त्यात जांभळं.

“मावशी!” काउंटरवाल्याची हाक आली. फाटकात एक कुटुंब उभं होतं, गाडी न्यायला आलेलं; सगळे वळून यार्डात बघत होते. “मावशी, कुठे आहात?”

मावशीने बेल्ट सोडला आणि दार सरकवलं.

“इथे आहे,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मग वाकून तिने बूट ओढून घेतले आणि, सगळे बघत असताना, एकेक करून पायात चढवले.