न गिळलेला घोट

आमच्या घराण्यात सोयरीक घोटावर ठरते. पाहुण्यांनी आणलेल्या दारूचा घोट घरातल्या वयाने सर्वांत थोर माणसाने गिळला की शब्द दिला, असे समजतात. सासरे गेले, नवरा गेला. आम्हा गासांच्या घरात आता थोर मीच उरले आहे.

शॅनन माझी नात. त्या सकाळी केळीची पाने कापताना ती म्हणाली, "आजी, मुलगा वाईट नाही. पण माझं मन नाही. बाबा ऐकत नाहीत." तिने तिशी ओलांडली याचा घोर तिच्या बापाला, माझ्या पॉलला, लागला होता.

दुपारी तो मुलगा, स्टीवन, वडिलांना घेऊन आला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात वाईन पारखून वाढायचे त्याचे काम. त्याने फ्रान्सची लाल वाईन आणली होती, त्याच्या जन्मसालची. पॉल म्हणाला, आमच्याकडे बाटली एवढी म्हातारी होतच नाही, नाताळातच संपते. सगळे हसले.

स्टीवनने ग्लास तिरका करून कडेचा विटकरी रंग दाखवला. वास घेतला तर सुकलेली जांभळे, ओली माती आणि जुनी लाकडी पेटी आठवली. मी त्याला विचारले, "चव कळायला गिळावंच लागतं का रे?"

"नाही आजी. आम्ही दिवसभर चाखतो आणि थुंकतो. गिळलं तर घरी कोण पोचवेल?"

मी घोट तोंडात घेतला. आधी आंबट, मग कच्च्या सुपारीसारखा तुरट, जीभ आवळणारा. मग हळूहळू मऊ झाला. इतके चांगले मी कधी चाखले नव्हते. सगळे माझ्या गळ्याकडे पाहत होते. शॅनन दारात उभी होती.

मी वाडगा ओढला आणि थुंकले.

"वाईन उत्तम आहे," मी म्हणाले. "मुलगाही. पण गिळीन ते शॅननने सांगितल्यावर."

पॉलने माझा ग्लास उचलला. "तुझ्यानंतर थोर मीच, आय."

"प्या बाबा," शॅनन म्हणाली. "पण चर्चमध्ये लग्न लावताना फादर होकार मला विचारतील, तुम्हाला नाही. मी नाहीच म्हणेन."

पॉलचा हात तिथेच थांबला. स्टीवनने मान खाली घालून बाटलीला बूच लावले. उघडलेली वाईन दोन दिवसांत उतरते, एवढे सांगून तो वडिलांना घेऊन निघाला.

बाटली अजून टेबलावर आहे. तिला आता आंबट शिरक्याचा वास येतो. पॉल रोज तिच्यासमोर बसून जेवतो, आम्हा दोघींशी बोलत नाही. काल शॅननने विचारले, ओतून देऊ का?

मी म्हटले, राहू दे. ती तुझ्या बापानेच ओतून दिली पाहिजे.