मास्तरांनी ट्रॅकची बाजू घेतली

आमच्या घराच्या तळमजल्यावर ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, मधल्या मजल्यावर आम्ही राहायचो आणि वरच्या खोलीत माझी नणंद पडदे शिवायची. घर एक, रस्ता एक, पण बहीणभावांचं त्या रस्त्यावरून कधी जमलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा या रस्त्यावर सायकलीच सायकली होत्या. सकाळी कारखान्यांच्या वेळेला घंट्यांचा असा किणकिणाट चाले, की खिडकीशी उभं राहून बोललेलं ऐकू येत नसे. पुढच्या दांडीवर बायको, मागे कॅरिअरवर मूल, खांद्यावर शिडी, असा माणूस एका हाताने हॅण्डल धरून जाताना मी रोज बघायची. पडायचे लोक. पण पडले की उठायचे, धूळ झटकायचे आणि ज्याच्यामुळे पडले त्याला चार शिव्या देऊन पुढे जायचे. मग स्कूटर आल्या, मग गाड्या आल्या, आणि सायकली लग्नघरातल्या नकोशा नातेवाइकांसारख्या कडेकडेला सरकत गेल्या.

त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं श्रेय आमच्या तळमजल्याला. ह्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. ह्यांची गाडी डबल ब्रेकची होती, म्हणजे शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी बसलेल्या ह्यांच्या पायाशी दुसरा. नवीन माणूस घाबरला की हे म्हणायचे, "बिनधास्त चालवा. ब्रेक माझ्याकडे आहे." पाय इतका तयार, की कधी दाबला ते समोरच्याला कळतही नसे. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. तो खूश व्हायचा, परीक्षेच्या मोकळ्या मैदानात पास व्हायचा, लायसन्स मिरवत निघून जायचा. ह्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलायचे. पण त्या लोकांच्या पायाला काही कळलेलंच नसे.

"दादा, तू गाडी नाही शिकवत," वन्सं म्हणायच्या. "तू भरवसा शिकवतोस."

"तू आपल्या चुण्या घाल," हे म्हणायचे.

वन्संनी लग्न केलं नाही. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या काढल्या की त्याहून टोचेल असं बोलणं. सगळं काम सायकलवर. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, शिवलेले पडदे कॅरिअरला बांधायचे, लांब दांड्या सायकलच्या नळीला आवळायच्या आणि निघायचं. त्या दांड्या घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? सायकल गेली की धंदा गेला, इतका साधा हिशोब होता.

एकदा उभ्या गाडीचं दार अंगावर उघडलं आणि वन्सं मनगटावर आपटल्या. कित्येक दिवस पडद्यांची किनार वाकडी येत होती. हे जेवताना म्हणाले, "एवढं दार दिसत नाही, आणि लोकांच्या खिडक्या मोजतेस?" मला हसू आलं. वन्संनाही आलं असावं, कारण त्या पानावरून उठल्या नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी शिकाऊ गाडीची लाल अक्षराची पाटी गुपचूप वन्संच्या सायकलला मागे बांधली. वन्सं दिवसभर ती पाटी घेऊन शहरभर फिरल्या. दुकानदार हसले, शाळेतली पोरं मागे ओरडत धावली. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा आम्ही सगळे जिन्यात टपून होतो.

"कुणाचं काम आहे ते कळलं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "राहू दे ती. आज पहिल्यांदा गाड्या हातभर लांबून गेल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी पाटी सोडून घेतली. "स्कूलची वस्तू आहे, खेळणं नाही."

पालिकेने आमच्या रस्त्याला सायकल ट्रॅक करायचं काढलं ते यानंतर. नुसता रंगवलेला पट्टा नाही. गाड्या आणि सायकली यांच्यामध्ये पक्का कठडा. म्हणजे दुकानांसमोर गाड्या उभ्या करायची जागा जाणार, आणि स्कूलची गाडी जिथे उभी राहायची तीही जाणार. दुकानदारांची सभा आमच्याच तळमजल्यावर भरली आणि पुढारी अर्थात मास्तर. पालिकेचा इंजिनीअर उन्हाने रापलेला, सडपातळ माणूस होता. तो कोपऱ्यात बसून ऐकत होता. बायकांमध्ये मी आणि वन्सं.

"ट्रॅक झाला तर माझ्या गिऱ्हाइकांनी काय रांगत यायचं?" बूटवाले म्हणाले.

"तुमचे बूट घातल्यावर रांगावंच लागतं," वन्सं म्हणाल्या.

"या बाईंना आवरा मास्तर!"

"लहानपणापासून आवरतोय," हे म्हणाले आणि सभा हसली. मग इंजिनीअरकडे वळून म्हणाले, "साहेब, कठडे लागतात ते न शिकलेल्या लोकांना. आमच्या शहराला मी शिकवलंय. माझा कुठलाही विद्यार्थी घ्या. गर्दीच्या वेळी, सायकलीच्या शेजारून, सुईत दोरा ओवावा तशी गाडी काढून दाखवेल."

"दाखवा," इंजिनीअर म्हणाला. "मी बघायला येतो. सायकलवर कोण असेल?"

बूटवाले आपले बूट बघू लागले.

"मी," वन्सं म्हणाल्या.

हे तेव्हा नको म्हणतील असं मला वाटलं. हे म्हणाले, "उत्तम. फक्त सरळ चालव, बये."

ठरलेल्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "घरातल्या माणसावर कशाला प्रयोग?"

"प्रयोग नाही," हे भांग पाडत म्हणाले. "प्रात्यक्षिक."

मग मी वर गेले. वन्संनी नेहमीसारखं पडद्यांचं गाठोडं बांधलं होतं, दांड्याही आवळल्या होत्या. सोंग म्हणून नाही. पुढे एका घरी पडदे लावायचे होते. मी म्हटलं, "वन्सं, नका जाऊ."

"वहिनी, काही झालं नाही तर तो जिंकला. काही झालं तर मी जिंकले," त्या म्हणाल्या. "काय जाईल ते घरातल्या घरातच जाईल."

मी खिडकीत उभी होते, त्यामुळे सगळं वरून दिसलं. कडेला गाड्यांची रांग. गाड्यांना लागून वन्सं. त्यांच्या मागून आमची गाडी, स्टिअरिंगवर ह्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, बँकेतल्या साहेबांची बायको. शेजारी हे, कोपर खिडकीबाहेर काढून, फुटपाथवर जमलेल्या दुकानदारांना हात करत होते. इंजिनीअर पुढच्या चौकात उभा होता, पण मध्ये मालाचा एक टेम्पो येऊन थांबला आणि त्याला काही दिसेना.

बूटवाले आपल्या उभ्या गाडीत बसून बघत होते. आतून नीट दिसेना म्हणून ते उतरायला लागले. दार उघडलं ते थेट वन्संच्या पुढ्यात. वन्संनी दाराला वळसा घातला, आणि मागे आमची गाडी.

बाईंच्या पायाने वाट बघितली. हे फुटपाथवरच्या चष्मेवाल्यांना काहीतरी म्हणत होते. हॉर्न मात्र नीट शिकवलेला होता; तो वाजला.

गाडी थांबली ती दांड्यांवर चढून. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. ह्यांचं पहिलं वाक्य आठवतं. वन्सं चाकाजवळ पडलेल्या, पाय भलत्याच दिशेला, आणि हे त्या बाईंवर ओरडले, "ब्रेक का नाही मारला?"

बाई म्हणाल्या, "मास्तर, तो तुमच्याकडे असतो ना?"

गुडघ्याचा चुरा झाला होता. पाय राहील पण वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे सायकल संपली, आणि पायाने चालवायचं शिलाई मशीनही. वन्संनी ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरांच्या खोलीचे पडदे आखूड आहेत असं सांगितलं.

पोलीस जबाब घ्यायला येणार होते. बूटवाल्यांनी काही पाहिलं नव्हतं. चष्मेवाल्यांनीही पाहिलं नव्हतं. बँकेच्या बाई माहेरी निघून गेल्या होत्या. मला, त्यांच्या बायकोला, कोण विचारणार? उरल्या वन्सं. हे खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि रडायला लागले.

"तू कशाला रडतोस? गुडघा माझाय."

"बये, घसरलीस म्हण. स्कूलचा परवाना जाईल. मला आत टाकतील. म्हातारपणी तुला तरी कोण बघणार आहे?"

वन्सं म्हणाल्या, "म्हणेन. पण आधी तू सभेत उभा राहा आणि ट्रॅक माग."

"मी?"

"तूच. आणि नुसतं मागायचं नाही, कारण सांगायचं. दुर्घटना झाली, वाईट वाटलं, असलं नाही. खरं कारण. ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"लोक हसतील मला."

"मला हसले नव्हते? मेले का मी?"

हवालदार आला तेव्हा वन्संनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "शुद्ध नाही त्यांना." तो गेल्यावर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "शुद्ध सभेनंतर येईल म्हणावं."

सभेला ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. उभे राहिले तेव्हा सगळ्यांना वाटलं, मास्तर नेहमीसारखे पालिकेला झोडणार. बूटवाल्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"ट्रॅक झाला पाहिजे," हे म्हणाले.

कुणीतरी मागून म्हणालं, "मोठ्याने बोला मास्तर, उलटं ऐकू आलं."

"ट्रॅक झाला पाहिजे. कठड्यासकट." हे घोटभर पाणी प्यायले. "या खोलीतल्या प्रत्येकाला मी गाडी शिकवली. चष्मेवाले, तुम्ही वळताना मान फिरवत नाही, कारण शिकताना ती मी फिरवत होतो. बूटवाले, तुम्ही आधी दार उघडता, मग बघता. औषधवाले, तुम्ही सायकलवाल्याला हॉर्न देता आणि समजता की आपलं काम झालं. तुम्ही वाईट माणसं नाही. तुम्ही घाईत असता. ती घाई काढायचा मी जन्मभर प्रयत्न केला. निघत नाही. माझ्या स्वतःच्या अंगातून निघाली नाही."

आता कुणी हसत नव्हतं. हे मात्र थांबेनात. आमच्या संसारात मी ह्यांना इतकं सरळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमची पोरं शाळेत सायकलवर का जात नाहीत? तुम्ही पाठवत नाही म्हणून. का पाठवत नाही? तुम्ही स्वतः कसे चालवता ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणून. रंगाचा पट्टा मारून भागणार नाही. त्यावर तुम्ही गाड्या उभ्या कराल, मीच आधी करीन. मध्ये दगड घाला. दगडाला फोन येत नाही. दगडाला वाटत नाही की ब्रेक दुसरा कुणीतरी मारेल."

"मग मास्तर," चष्मेवाले चिडून म्हणाले, "एवढी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत तरी काय?"

"स्टिअरिंग धरायला," हे म्हणाले आणि खाली बसले.

इंजिनीअरने दुसऱ्या दिवशीपासून दोऱ्या लावून आखणी सुरू केली. विरोध करायला पुढारीच उरला नव्हता. वन्संनी हवालदाराला सांगितलं, "घसरले." तो म्हणाला, "कोरड्या रस्त्यावर?" वन्सं म्हणाल्या, "वय झालं." तिथे त्यांनी शब्द पाळला.

ह्यांनी सभेत स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर स्कूलमध्ये कोण येणार? तळमजला रिकामा पडू लागला. वन्संना जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची खाट तिथेच टाकली, टेबल बाहेर काढून. ताठ पाय लांब करून त्या दारासमोर पडलेल्या असत. चुकून एखादा चौकशीला आलाच तर विचारायच्या, "गाडी शिकायचीय? या, बसा. मी मास्तरांची बहीण." तो बसत नसे.

कठडा झाला. पहिल्या दिवशी सायकलवरून शाळेतल्या मुलींचा घोळका गेला, घंट्या वाजवत. मला माझं नवेपण आठवलं आणि मी दारात जाऊन उभी राहिले. वन्संनी तिकडे पाठ केली. म्हणाल्या, "दार लोट वहिनी. आवाज होतोय."

मला वाटलं, आता तरी बहीणभावांचं फिटलं. त्याच संध्याकाळी वन्संनी ह्यांना हाक मारली.

"दादा, पलीकडच्या वॉर्डात पण ट्रॅकची सभा आहे. दुकानदार विरोधात आहेत. इंजिनीअर सांगत होता, मास्तर आले तर बरं होईल."

"शब्द एका सभेचा होता," हे म्हणाले.

"हो. आणि मी घसरले असं मीच सांगितलंय." वन्सं पडद्याच्या कापडावरचा धागा ओढत होत्या, हात चालू ठेवायला त्यांना काहीतरी लागायचं. "पण जबाबाचं कसं असतं, माणसाला पुढेमागे आठवतं. गुडघा दुखला की मला तर सगळं लख्ख आठवतं."

हे माझ्याकडे बघू लागले. मी शर्टाला इस्त्री केली.

हे त्या वॉर्डात गेले. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे, आणि हे परत येताना एकेका वर्षाने म्हातारे होऊन यायचे. शहरात दगडी कठडे वाढत गेले. स्कूलची पाटी आम्ही कधी काढली नाही, ती गंजून आपणच पडली.

एकदा ताप असताना हे सभेला निघाले, तेव्हा मला राहवलं नाही. मी खाटेजवळ जाऊन म्हटलं, "वन्सं, पुरे झालं आता. अंगात त्राण नाही त्यांच्या."

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग माझ्या पलीकडे, दारात चपला घालत असलेल्या भावाकडे बघून म्हणाल्या, "दादा, दार उघडणाऱ्यांचं आधी घे. तिथे लोक लवकर गप्प होतात."

"बरं," हे म्हणाले आणि गेले.