सुताराच्या गुडघ्याचा जोड

सुताराच्या गुडघ्यावर आता त्याचीच पोटरी बसली होती. दुचाकीवरून घसरून गुडघ्याची वाटी उघडी पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटरीचं जाड कातडं उचलून वर फिरवलं आणि जखमेवर शिवून टाकलं. पोटरीच्या खड्ड्यावर मांडीची पातळ साल लावली. थोडक्यात, घरातल्या घरात बदल्या झाल्या.

"हा तुकडा जगला तर गुडघा वाचला," बाई म्हणाल्या. "मेला, तर सांध्यात पू होईल, मग पायाचंच बोलणं निघेल. त्याच्या शिरा एका बाजूने जोडलेल्या आहेत. तिथे दाब नको."

सुताराने मान डोलावली. कानात शिरलं ते फक्त 'जोडलेल्या आहेत'.

बायकोची नेमणूक रंगावर झाली. तुकड्यावर बोट हलकेच टेकवायचं, पांढरा पडला की गुलाबी परततो का बघायचं.

"आहे का?" तो विचारायचा.

"आहे."

"नीट बघ. जीव आहे ना त्यात?"

"तुमच्यापेक्षा जास्त आहे. गप पडा."

पण त्याची नजर तुकड्याच्या एका कोपऱ्यावर खिळली होती. तो कोपरा फुगला होता. जन्मभर खुर्च्यांचे पाय जोडणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं, की नवा जोड मोकळा ठेवला की उचकटतो. त्याला आवळायचं आणि विसरून जायचं. इथे एवढ्या मोठ्या कामावर नुसता कापूस. हलगर्जीपणा म्हणावा, तर बाई दिसायला हुशार.

बायको औषधं आणायला खाली गेली, तेव्हा त्याने कारखान्यातून आलेल्या मेहुण्याकडून रबरी ट्यूबची पट्टी घेतली. सरस लावलेल्या खुर्च्या ते असल्याच पट्टीने बांधत.

"दाजी, हे डॉक्टरांना विचारलंय का?"

"त्यांना कशाला त्रास? कामात असतात बिचाऱ्या."

पट्टी गुडघ्याभोवती गच्च बसली, वरून चादर. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच सुताराला निवांत डुलकी लागली.

जाग आली तेव्हा चादर बायकोच्या हातात होती. तुकड्याचा रंग वांग्यासारखा झाला होता. तिने बोट टेकवलं, उचललं. निळा गेला आणि निळाच परत आला.

"हे काय बांधलंत?"

"आवळण," तो म्हणाला.

नर्सने धावत येऊन पट्टी कापली. मागोमाग बाई आल्या. मेहुणा छताचा पंखा असा निरखत होता, जणू त्याला तो विकत घ्यायचा होता.

"कुणी बांधलं?"

"मीच. उचकटू नये म्हणून."

"अहो, कलम बांधताना कुणी फांदीचा रस तोडतं का?"

"मला काय ठाऊक, बाई? मी झाडाला मेल्यावरच हात लावतो."

कुणी हसलं नाही. खुद्द सुताराला आपलं वाक्य आता ऐकू आलं, आणि त्याचे पाय गार पडले. दोन्ही. निदान दोन्ही आहेत, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"हे अजून मेलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी काही टाके सैल केले, पाय उशीवर उंच ठेवला आणि तुकड्याला सुई टोचली. थेंब आला, तो काळा.

"थांबू या. लाल यायला हवं."

थांबणं म्हणजे काय, हे सुताराला त्या दिवशी कळलं. बायको रंग बघत होती आणि तो बायकोचं तोंड बघत होता.

"बसताच आलं नाही, तर रंधा कसा मारू गं?"

"उभ्याने मारा," ती म्हणाली. तिने डोळे मात्र पुसले.

बाईंनी पुन्हा सुई टोचली. त्याने डोळे मिटले.

"लाल आहे," बायको म्हणाली. "अहो, लाल आहे. बघा तरी."

नवऱ्याचं रक्त बघून बायको एवढी खूश झालेली त्या वॉर्डाने पाहिली नव्हती.

"कोपरा कदाचित जाईल," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "बाकीचं धरेल, जर तुम्ही धरू दिलंत."

सुताराने दोन्ही हात हळूच पाठीखाली सरकवले आणि त्यांच्यावर नीट भार देऊन पडून राहिला.